रूपाची शस्त्रक्रिया

वैद्यकशास्त्राच्या कोणत्या शाखेविषयी लोकांना कुतूहल सर्वांत अधिक आणि माहिती सर्वांत कमी, असे कोणी मला विचारले, तर मी निःशंकपणे प्लॅस्टिक सर्जरीचे नाव घेईन. हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली की माणसे गंभीर होतात. मेंदूची म्हटली की देवाला हात जोडतात. पण प्लॅस्टिक सर्जरी म्हटली की बहुतेकांच्या ओठांवर मिस्कील हसू उमटते. सिनेनटीचे नाक, सुखवस्तू माणसाच्या पोटावरची चरबी आणि उतारवयातल्या सुरकुत्या, एवढेच त्या नावासरशी डोळ्यांसमोर येते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून एक वर्षाच्या इंटर्नशिपसाठी, म्हणजे उमेदवारीसाठी, मी एका सरकारी रुग्णालयात रुजू झालो आणि त्या वर्षातले काही आठवडे मला या विभागात घालवावयास मिळाले. तेथे रोज एक प्रश्न समोर उभा राही. माणसाच्या रूपावर शस्त्र चालवणे हा उपचार केव्हा ठरतो आणि हौस केव्हा? ही रेषा कोणी आखावयाची आणि कोठे? या प्रश्नाच्या अनुषंगाने या शास्त्राची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. प्लॅस्टिक सर्जरीत प्लॅस्टिक वापरतात, ही समजूत इतकी रूढ आहे की रुग्णांबरोबर येणारे शिकलेसवरलेले नातेवाईकसुद्धा, "चेहऱ्यात बसवलेले प्लॅस्टिक उन्हाने वितळणार तर नाही ना?" असे विचारतात. वस्तुतः हा शब्द 'आकार देणे, घडवणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कुंभार चिखलाला आकार देतो, त्या अर्थाने. एदुआर्ड त्साइस या जर्मन शल्यविशारदाने १८३८ साली या विषयावरच्या आपल्या ग्रंथाला हे नाव दिले, तेव्हा आपल्या घरातल्या प्लॅस्टिकच्या बादल्या आणि डबे जन्मास यावयाचे होते. मराठीत या शास्त्राला सुघटन शल्यचिकित्सा म्हणतात. तिचे दोन भाग पाडण्याची रीत आहे. भाजल्याने, अपघाताने, रोगाने किंवा जन्मतःच जे बिघडले, ते शक्य तितके मूळपदावर आणणे हा पहिला भाग. जे बिघडलेले नाही ते अधिक रेखीव करणे हा दुसरा. त्यालाच सौंदर्यशस्त्रक्रिया किंवा कॉस्मेटिक सर्जरी असे नाव आहे. पुस्तकात ही वाटणी मोठी स्वच्छ दिसते. बाह्यरुग्ण विभागातल्या बाकांवर ती तितकी स्वच्छ राहत नाही.

त्या बाकांवर सकाळी नऊपासून कोण कोण येऊन बसे? यंत्रात बोट सापडलेला कामगार. तंबाखूने जबड्याचा कर्करोग होऊन हाड काढावे लागलेला माणूस. पाठीच्या मणक्याला मार बसल्यामुळे अंथरुणाला खिळलेला आणि बसून बसून जखमा झालेला तरुण. स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई. सैन्यभरतीत अडचण येईल म्हणून हातावरचे गोंदण काढून घ्यावयास आलेली मुले. आणि जड कुड्यांनी कानाच्या पाळ्या तुटलेल्या आज्या. या सर्वांत मोठी संख्या भाजलेल्यांची असे. सिनेनटी मला त्या आठवड्यांत एकही दिसली नाही.

एक दिवस एक तरुण आई आपले दोन महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. प्राध्यापकांनी बाळाला मांडीवर घेऊन टाळू पाहिली, वजन केले आणि आईशी बोलावयास सुरुवात केली, तो ती मान खाली घालून म्हणाली, "ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती." तिच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या मुद्रेवरून हे वाक्य त्या घरात किती वेळा बोलले गेले असेल, याची कल्पना येत होती. प्राध्यापक सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आजी, बाळाचा ओठ आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग मधल्या भागाकडे सरकत येतात. कधीकधी एक भाग पोहोचत नाही. जगात दर हजार बाळांत एखाददुसऱ्याचे असे होते. जेथे ग्रहण कोणी पाळत नाही तेथेही होते. तुमच्या सुनेच्या हातून काही झालेले नाही." शस्त्रक्रिया पुढे योग्य वेळी झाली. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर आणि टाळूची ते नीट बोलू लागण्यापूर्वी, म्हणजे दीड वर्षाच्या आत, करण्याचा प्रघात आहे. उशीर झाला तर टाळू मिटते, पण नाकात बोलण्याची खोड जात नाही. तथापि त्या सकाळी शस्त्राला हात लावण्यापूर्वीच एक उपचार होऊन गेला होता, असे मला वाटते; आणि तो उपचार बाळावर नव्हता.

भाजलेल्या रुग्णांची कथा वेगळी. भाजल्याने मेलेली कातडी गळून पडते आणि उघड्या जखमेवर नवी कातडी आणून बसवावी लागते. यालाच त्वचारोपण किंवा कातडीचे कलम म्हणतात. मांडीवरून वस्तऱ्यासारख्या लांब पात्याने कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ थर काढतात. मांडीची जखम पंधरा दिवसांच्या आसपास आपोआप भरून येते, कारण केसांच्या मुळाशी कातडीचे जिवंत कण शिल्लक राहिलेले असतात आणि त्यांच्यापासून नवा थर उगवतो. काढलेला थर जखमेवर अंथरला की पहिले दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगून राहतो. मग खालून सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात. ज्यांनी भाताची लावणी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. उपटून लावलेले रोप दोन दिवस मलूल असते. मग मूळ धरते आणि ताठ होते. पाचव्या दिवशी पट्टी सोडताना ते कलम गुलाबी दिसले की वॉर्डातल्या परिचारिकेपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांची मुद्रा उजळते. ते काळवंडले असेल तर कोणी काही बोलत नाही.

जेथे हाड किंवा स्नायुबंध उघडा पडला आहे, तेथे अशा पातळ थराचे भागत नाही, कारण त्या कोरड्या भूमीत मूळ धरावयास रक्तच नसते. तेथे कातडीचा जाड पदर स्वतःच्या रक्तवाहिनीसह फिरवून आणावा लागतो. त्याला फ्लॅप म्हणतात. वेलाचे मूळ आपल्या अंगणात ठेवून त्याचा शेंडा शेजारच्या मांडवावर चढवावा, तसा हा प्रकार असतो. १९७० नंतर तर सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडण्याची विद्या साध्य झाली आणि तो वेल मुळासकट उपटून दूरच्या अंगणात लावणेही शक्य झाले. पायाचे हाड जबड्यात बसते, पोटाची कातडी छातीवर येते. त्यासाठी वापरण्याचा धागा केसाहून बारीक असतो. टेबलावर पडला तर डोळ्यांना दिसत नाही. आम्हां उमेदवारांच्या वाट्याला अर्थातच तो येत नसे. आमचे काम धागे कापण्याचे, जखमेची कड धरून ठेवण्याचे आणि पट्ट्या बदलण्याचे.

भाजलेल्या जखमा मिटल्या म्हणजे संकट संपले असे नव्हे. भरलेली जखम महिनोन् महिने आखडत राहते. मान भाजली तर हनुवटी छातीकडे ओढली जाते. कोपर भाजले तर हात सरळ होत नाही. असा आखडलेला वण सोडवण्याची एक सुंदर युक्ती आहे. वणाच्या रेषेवर इंग्रजी झेड अक्षरासारखी चिरफाड करतात. त्यामुळे कातडीचे दोन त्रिकोण सुटे होतात. त्या दोन त्रिकोणांची अदलाबदल केली की आखूड रेषा लांब होते. कोन ६० अंशांचे असले तर भूमितीच्या हिशेबाने ती तीन-चतुर्थांशाने वाढते. बाहेरून कातडी आणावी लागत नाही. रुंदीतले थोडे घेऊन लांबीत घातलेले असते. आखूड वणाला ही युक्ती पुरते. वण रुंद आणि घट्ट असला तर तो कापून मोकळा करावा लागतो आणि उघड्या जागी नवी कातडी लावावी लागते.

अशाच वणासाठी एक विशीतली मुलगी वडिलांबरोबर आली होती. लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने तिचा उजवा गाल आणि मान भाजली होती. वडील सांगत होते, "साहेब, गालावरचा डाग तेवढा घालवा. स्थळे येतात आणि बघून परत जातात." प्राध्यापकांनी सगळे ऐकून घेतले, वडिलांना थोडा वेळ बाहेर बसावयास सांगितले आणि परिचारिकेच्या देखत मुलीला विचारले, "तुला स्वतःला काय हवे आहे?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी साड्यांच्या दुकानात कामाला आहे. मला मान वर करता येत नाही. वरच्या फळीवरचा माल काढायचा म्हणजे दरवेळी दुसऱ्या कोणाला हाक मारावी लागते. मान मोकळी झाली तर बरे होईल. गालाचे मला काही वाटत नाही." प्राध्यापकांनी वडिलांना आत बोलावून सांगितले, "आधी मान करू. गालाचे ती म्हणेल तेव्हा, आणि ती म्हणेल तरच." त्यांनी आणखीही एक गोष्ट स्पष्ट केली. वण कोणालाही पुसून टाकता येत नाही. एका वणाच्या जागी दुसरा, अधिक बरा वण आणता येतो, एवढेच. वडील काही क्षण स्तब्ध बसले आणि मग त्यांनी संमतिपत्रावर सही करण्यासाठी लेखणी मुलीच्या हातात दिली.

कातडीचा जिवंत पदर फिरवण्याची ही जी विद्या, तिचा जुना मागोवा आपल्याच देशात लागतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेल्या कानाच्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायात कापलेले नाक नव्याने घडवण्याचा विधी आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी एका बाजूला जोडलेली ठेवून सोडवावी, ती नाकाच्या जागी शिवावी आणि श्वास चालावा म्हणून आत दोन नळ्या बसवाव्यात. नाक कापणे ही त्या काळी शिक्षा होती. आणि नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ आपल्या भाषेत अजून टिकून आहे. म्हणजे या शास्त्राचा उगम रोगात नसून अपमानात आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही विद्या पुढे ग्रंथांपेक्षा घराण्यांतून टिकली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ तिचे जे दर्शन घडले, त्याने सारे युरोप चकित झाले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांमधला चिंचोळा जोड कायम ठेवून ती खाली वळवली. जखमेवर पाण्यात कालवलेल्या काताची पट्टी ठेवली आणि काही दिवसांनी तुपाची. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोड कापला. हा वृत्तान्त लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने प्रेतांवर अभ्यास केला, १८१४ साली लंडनमध्ये त्याच पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तीवर पुस्तक लिहिले. कपाळावरच्या पदराला शल्यविशारद अजूनही भारतीय पद्धती या नावाने ओळखतात. त्या मासिकात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदार इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक घडवले त्याचे नाव मात्र नाही.

विसाव्या शतकात या शास्त्राला मोठी चालना मिळाली ती युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफांच्या तुकड्यांनी छिन्नभिन्न झाले. १९१७ साली इंग्लंडमध्ये सिडकप येथे हॅरल्ड गिलीज यांच्या देखरेखीखाली अशा जखमींसाठी खास रुग्णालय निघाले आणि तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर उपचार झाले. त्या वॉर्डांत आरसे ठेवीत नसत. दुसऱ्या महायुद्धात जळत्या विमानांतून वाचलेल्या वैमानिकांवर गिलीज यांचे दूरचे नातलग आर्चिबॉल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी उपचार केले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. एकेका रुग्णावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया चालत. तेवढा काळ त्यांना लपवून न ठेवता मॅकिंडो यांनी त्यांना मुद्दाम गावात पाठवले. गावकऱ्यांना आधी समजावून सांगितले, आणि गावकऱ्यांनी त्या तरुणांना आपल्या घरी जेवावयास बोलावले. त्या गावाला पुढे 'टक लावून न पाहणारे गाव' असे नाव पडले. १९४१ साली त्या वैमानिकांनी आपला एक क्लब काढला आणि ज्या प्राण्यांवर प्रयोगशाळेत प्रयोग होतात त्या गिनीपिगांचे नाव थट्टेने त्याला दिले. ज्याला स्वतःच्या जळलेल्या चेहऱ्याची अशी थट्टा करता येते, तो बरा झाला असे समजावयास हरकत नाही.

स्वतंत्र भारतात ही शाखा रुजवणाऱ्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग उभारला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी हे काम वाढवले. पुण्याजवळ कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड हेही कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर काम करीत होते. कुष्ठरोगात भुवयांचे केस झडतात आणि नाकाचा पूल खचतो. औषधांनी रोग पूर्ण बरा होतो, जंतू नाहीसे होतात, दुसऱ्याला बाधा होण्याची भीती उरत नाही. पण बसलेले नाक आणि केस नसलेल्या भुवया तशाच राहतात, आणि गाव माणसाचा रोग कागदावरून ओळखत नाही, भुवयांवरून ओळखतो. म्हणून हे शल्यविशारद कानशिलावरील केसांसकट कातडीची एक पट्टी, तिच्या रक्तवाहिनीसह, कातडीखालच्या बोगद्यातून सरकवून भुवईच्या जागी आणीत. मूळची डोक्याचीच ती पट्टी असल्यामुळे त्या भुवयांचे केस डोक्याच्या केसांसारखे वाढत आणि अधूनमधून कात्रीने कापावे लागत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भुवयांची ही शस्त्रक्रिया कोणत्या रकान्यात घालावयाची? भुवई नसल्याने माणूस मरत नाही, चालावयाचा थांबत नाही. काटेकोर अर्थाने ही रूपाचीच शस्त्रक्रिया होय. पण त्या दोन बोटे केसांच्या पट्टीवर एका माणसाचे घर, त्याची मजुरी आणि विहिरीवरचा त्याचा हक्क अवलंबून असे. उलट दिशेनेही पाहता येईल. बोटॉक्स नावाचे जे औषध आज सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्याला १९८९ साली अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली ती तिरळे डोळे आणि पापण्यांचे अनावर आचके यांच्यावरील उपचारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळावयास २००२ साल उजाडले. औषध एकच, आणि त्याचे काम एकच, ते म्हणजे स्नायूला काही महिने शिथिल करणे. हौस आणि गरज यांमधली रेषा औषधाच्या बाटलीवर छापलेली नसते आणि शस्त्राच्या पात्यावरही नसते.

मग ती कोठे असते? विभागात याचे उत्तर कोणी व्याख्यानातून दिले नाही. पण प्राध्यापक प्रत्येक रुग्णाला जे प्रश्न विचारीत, त्यांत ते होते. हे तुम्हांला हवे आहे की दुसऱ्या कोणाला? केव्हापासून हवे आहे? हे झाल्यावर तुम्ही काय कराल, जे आज करीत नाही? एका सत्तरीच्या आजींनी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार चांगले दिले. त्यांच्या दोन्ही कानांच्या पाळ्या तुटून दोन दोन फाके झाले होते. "नातीच्या लग्नात आईच्या कुड्या घालीन," त्या म्हणाल्या, "आणि मग त्या तिलाच देईन." जागच्या जागी भूल देऊन अर्ध्या तासात दोन्ही पाळ्या शिवल्या गेल्या. सुश्रुताने सांगितलेल्या पंधरांपैकी कोणत्या प्रकारात ही शस्त्रक्रिया बसते, हे मी शोधू लागलो तेव्हा आजींनी विचारले, "डॉक्टर, भोक पुन्हा कधी पाडायचे?" काही महिन्यांनी आणि जुन्या जागेच्या किंचित बाजूला, असे त्यांना सांगण्यात आले.

दुसऱ्या एका तरुणाला मात्र प्राध्यापकांनी नकार दिला. त्याचे नाक आम्हां सर्वांना सरळ आणि व्यवस्थित दिसत होते. दोन शस्त्रक्रिया दुसरीकडे होऊन गेल्या होत्या आणि तिसरीसाठी तो मोबाइलमध्ये शंभरेक छायाचित्रे घेऊन आला होता. त्याने नोकरी सोडली होती. दिवसातले कित्येक तास आरशापुढे जात होते. अशा अवस्थेचे वर्णन एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोवैद्याने १८९१ साली केले आहे. नसलेले किंवा नगण्य व्यंग माणसाच्या मनाला ग्रासून टाकते, आणि कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी समाधान होत नाही. दुःख फक्त नाकावरून हनुवटीवर सरकते. "तुमचे दुःख खरे आहे," प्राध्यापक त्याला म्हणाले, "पण ते नाकात नाही, म्हणून मला ते नाकातून काढता येणार नाही." त्यांनी त्याला स्वतः बरोबर नेऊन मनोविकार विभागातल्या सहकाऱ्यांशी गाठ घालून दिली. शल्यविशारदाला शस्त्र केव्हा चालवावे हे शिकावयास काही वर्षे लागतात, आणि केव्हा चालवू नये हे शिकावयास त्याहून अधिक, असे सर्व शाखांत म्हणतात. या शाखेत त्याचा प्रत्यय रोज येतो, कारण येथे 'नाही' म्हटल्याने रुग्ण दगावत नाही. तो शेजारच्या दवाखान्यात जातो.

आणि शेजारी दवाखाने पुष्कळ आहेत. म्हणून ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल, त्यांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, या विषयातली एम. सीएच. किंवा तत्सम पदवी असलेला डॉक्टर कोण, हे विचारावयास संकोच करू नये. दुसरी, वणाशिवाय शस्त्रक्रिया नसते. निष्णात हात तो वण कातडीच्या नैसर्गिक वळीत लपवतो, इतकेच. ताजा वण लाल आणि उंचट असतो, त्याला निवळावयास वर्षभर लागते. आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत, विशेषतः छातीवर, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर, तो वाढून गाठ होण्याची प्रवृत्ती अधिक असते. तिसरी, चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रिया म्हणजे वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. ती ठरावीक जागेचा आकार बदलते, आणि तिच्यातही भुलीचे, रक्तस्रावाचे, गुठळ्यांचे धोके असतात. चौथी गोष्ट कायद्याची आहे. ॲसिडच्या हल्ल्यात होरपळलेल्या व्यक्तीवर सरकारी वा खाजगी कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असे बंधन २०१३ साली कायद्याने घातले, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे. तोपर्यंत आपल्या हाती असलेला उपाय म्हणजे भरपूर पाणी, आणि ते बराच वेळ ओतत राहणे.

विभागातल्या छायाचित्रांच्या संग्रहात प्रत्येक रुग्णाची दोन छायाचित्रे असतात, एक आधीचे आणि एक नंतरचे; त्याची लेखी संमती घेऊन, एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात काढलेली. ती छायाचित्रे काढण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे येई. नंतरच्या छायाचित्रातला चेहरा नेहमीच देखणा असतो असे नाही. बहुतेकांवर वण असतो, रंगात फरक असतो, एक बाजू दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. फरक दिसतो तो निराळ्याच ठिकाणी. आधीच्या छायाचित्रात माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नाही. त्याची दृष्टी खाली किंवा बाजूला असते. नंतरच्या छायाचित्रात तो समोर पाहतो.

आपला चेहरा आपल्या मालकीचा खरा, पण तो आपल्याला दिसत नाही. तो पाहण्याचे काम आयुष्यभर दुसरी माणसे करीत असतात. शल्यविशारद कातडी हलवू शकतो, ओठ जुळवू शकतो, आखडलेली मान मोकळी करू शकतो. पाहणाऱ्याची नजर मात्र त्याच्या शस्त्राच्या कक्षेत येत नाही. ते काम ईस्ट ग्रिन्स्टेडच्या गावकऱ्यांनी केले तसे ज्याचे त्याने करावयाचे असते. एखाद्या बसमध्ये किंवा लग्नमंडपात भाजलेल्या चेहऱ्याची व्यक्ती आपल्या शेजारी येऊन बसली, तर टक लावून पाहू नये आणि घाईघाईने तोंडही फिरवू नये. इतर कोणाशी बोलू तसे तिच्याशी बोलावे. त्याला पदवी लागत नाही.